सहा हजारांतलं घर

मस्कतहून एका गृहस्थांनी विचारलं आहे. ते 2007 साली ओमानला गेले. गाव मालवण तालुक्यातलं, घरी 74 वर्षांची आई एकटी. यंदा पाच वर्षांनी बायको आणि दोन मुलांना घेऊन मे महिनाभर गावी राहिले आणि 2 लाख 40 हजार रुपये खर्च झाले. त्यांच्याच शब्दांत: “मी गेलो तेव्हा महिना 6 हजार पाठवायचो, त्यात घर व्यवस्थित चालायचं. परत यायचं झालं तर 20 हजारांत भागेल असं धरून चाललो होतो. आता वाटतं, गावही परवडणार नाही. मी हिशेबात कुठं चुकलो?”

मी कुडाळात 26 वर्षं कर सल्लागार म्हणून काम करते. मस्कत, दोहा, कुवेत इथून परत आलेली किंवा येऊ पाहणारी बरीच कुटुंबं माझ्याकडे येतात, आणि हा प्रश्न थोड्याफार फरकानं प्रत्येकाचा असतो. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तुमचे 2 लाख 40 हजार बघू. तुम्ही आकडे नीट दिलेत, त्यामुळे काम सोपं झालं. घराची शाकारणी आणि मागच्या पडवीचे पत्रे 62 हजार. महिनाभर ड्रायव्हरसह गाडी 45 हजार. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन 38 हजार. तारकर्ली, गोवा, बाहेरचं खाणं 37 हजार. दोन लग्नांचे आहेर 27 हजार. उरले 31 हजार, तो किराणा, मासळी, गॅस, दूध, भाजी.

पत्रे दरवर्षी घालायचे नसतात. डोळ्याचं ऑपरेशन एकदाच. कायमचे आलात की गाडी भाड्यानं घ्यावी लागणार नाही. सहली आणि आहेरही दर महिन्याला नसतात. म्हणजे महिन्याचा म्हणावा असा खर्च फक्त 31 हजारांचा, तोही पाच माणसांचा आणि मे महिन्यातला. मेमधला मालवणचा बाजार पाहुण्यांचा असतो. सुरमई आणि सरंगा हॉटेलवाले पहाटेच लिलावात उचलतात, उरलेल्याचा भाव चढतो. पुढं 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद, तेव्हा गावातली माणसं सुक्या बांगड्यावर आणि सोड्यांवर भागवतात. तुम्ही वर्षातल्या सगळ्यात महाग महिन्यात, सुट्टीवरच्या माणसाच्या हातानं खर्च केलात. त्या एका महिन्यावरून वर्षाचा अंदाज काढू नका.

इथपर्यंत वाचून हायसं वाटलं असेल, पण मुख्य गोष्ट अजून सांगायची आहे.

2007 मध्ये रियालला 106-107 रुपये मिळायचे. 2025 च्या मेमध्ये 220 च्या आसपास मिळाले. ओमानचा रियाल 1986 पासून डॉलरला बांधलेला आहे, एका रियालला 2.6008 डॉलर, त्यामुळे डॉलर रुपयाशी जसा वागेल तसाच रियाल वागतो. तुमच्या मनात हिशेब असा झाला असणार: महागाई झाली खरी, पण रियालही दुप्पट झाला, म्हणजे आपलं बरोबरीत सुटलं. माणूस तिकडे असतो, तिकडूनच पैसे पाठवतो, तोवर हे चालून जातं. ज्या दिवशी पगार थांबेल त्या दिवसापासून रियालचा भाव तुमच्या घरखर्चाला काही उपयोगाचा नाही. साठवलेले रियाल एकदा रुपये झाले की पुढची महागाई रुपयातच सोसायची. म्हणून परत येण्याचा कुठलाही हिशेब माझ्यासमोर रुपयातच मांडा, असं मी पहिल्याच दिवशी सांगते.

तर 6 हजार. वर्षाला 6 टक्के महागाई धरली तर रक्कम साधारण 12 वर्षांत दुप्पट होते. 2007 चे 6 हजार 18 वर्षांत 17 हजारांच्या जरा पुढे जातात. तुमचे 20 हजार त्याच्याही वर आहेत, म्हणजे तुमचं गणित चुकलेलं नाही. चूक आहे ती सुरुवातीच्या आकड्यात. घर 6 हजारांत कधी चालतच नव्हतं.

हे मला फार उशिरा कळलं, आणि तेही माझ्याच घरी. 2018 च्या पावसाळ्यात माझी आई पडवीत घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. तोपर्यंत आचऱ्याजवळच्या आमच्या घरी ती एकटी राहायची आणि मी महिन्याला 9 हजार द्यायची. “माका काय होया? पेजेपुरता असला म्हणजे झाला,” हे तिचं नेहमीचं. ती अंथरुणावर असताना घर चालवायला मी गेले. स्वयंपाकघरात कालनिर्णय लटकत होतं. त्याच्या चौकटींत तिच्या बारीक अक्षरात: ‘दू 1’, ‘गॅस लावला’, ‘नारळ 60’, ‘दाजींका 3 नारळ’, ‘कोकम सुकत घातला’, ‘पातेरो 4 भारे’. पैशांचा आकडा महिन्यात दोन-तीनच ठिकाणी. बाकी सगळं तिनं स्वतः केलेलं काम.

मी त्यातल्या एकेका कामासाठी माणूस शोधायला लागले. विहिरीवर पंप होता, तो जळला तरी ती रहाटानं पाणी ओढायची, त्यामुळे पंपदुरुस्ती तिच्या खर्चात कधी आलीच नव्हती. न्हाणीघरातलं पाणी लाकूडफाटा आणि पातेऱ्यावर, म्हणजे वाळक्या पाल्यावर, तापायचं, सिलिंडर दोन-अडीच महिने पुरायचा. मी गेल्यावर महिनाभरात संपला. आमसुलं, मसाला, कुळथाचं पीठ, फणसाची साठं हे सगळं तिच्या हातचं. शेजारी तिच्याकडून ताक-नारळ न्यायचे आणि बदल्यात कुणी माडावर चढायचं, कुणी तिची कौलं परतून द्यायचं. ती पडली आणि ती देवघेवही थांबली. माडावर चढणारे शेजारी एव्हाना पर्वरीत नाहीतर डोंबिवलीत नोकरीला होते. तीनदा फोन केल्यावर पाडेली आला, माडामागे पैसे घेऊन गेला, आणि पाडलेले नारळ गोळा करून सोलायला मला आणखी एक माणूस लावावा लागला.

त्या वर्षी 9 हजारांचं घर 30 हजारांवर गेलं, आणि त्यात औषधपाणी धरलेलं नाही. गावातली स्वस्ताई म्हणून आपण जे सांगत होतो ती माझ्या आईच्या अंगमेहनतीची किंमत होती. ती कुणी कुठं लिहिली नव्हती. मी रोज दुसऱ्यांचे हिशेब लिहिते, आणि मीही लिहिली नव्हती.

तुमच्या आई 2007 मध्ये 56 वर्षांच्या होत्या. आज 74 च्या आहेत, डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे. तुम्ही परत याल तेव्हा त्या विहिरीवर जाणार नाहीत, आणि जाऊही नये. तुमच्या पत्नी 18 वर्षं मस्कतच्या फ्लॅटमध्ये राहिल्या आहेत. सासूबाईंनी जे केलं ते त्यांनी करावं ही अपेक्षा चुकीची आहे आणि ती पुरी होणारही नाही. हे स्पष्ट लिहिते आहे, कारण परत आलेल्या घरांमधली पहिल्या वर्षाची भांडणं मी बघितली आहेत. पैसा मुबलक असलेल्या घरांतसुद्धा ती झाली, कारण काम कुणी करायचं हे आधी ठरलेलं नव्हतं.

मग खर्च येतो किती? आमच्या घरचा गेल्या आर्थिक वर्षाचा हिशेब देते. मी, नवरा, आई आणि कॉलेजला जाणारा भाचा, अशी चार माणसं, गावात, स्वतःच्या घरात. किराणा, दूध, भाजी, मासळी, गॅस मिळून 1 लाख 92 हजार. आईसाठी दिवसभराची बाई, माड आणि परसाची मजुरी 1 लाख 26 हजार. औषधं, तपासण्या आणि आरोग्य विमा 1 लाख 8 हजार. एक गाडी, पेट्रोल आणि तिचा विमा धरून, 72 हजार. आगोटीपूर्वीची घरदुरुस्ती 46 हजार. गणपती, जत्रा, लग्नकार्यं 38 हजार. वीज, फोन, इंटरनेट, घरपट्टी 30 हजार. एकूण 6 लाख 12 हजार, म्हणजे महिन्याला 51 हजार.

यात जेवणखाण एक तृतीयांशापेक्षा कमी आहे. गावी येणारा माणूस बाजारातून फिरून भाव विचारतो तो नेमका त्याच एक तृतीयांशाचा. बांगड्याचा वाटा केवढ्याला, तांदूळ काय किलो. कारखान्यातून येणाऱ्या गोष्टी तुम्ही गेलात तेव्हाच्या मानानं फार महागलेल्या नाहीत; फोन, इंटरनेट तर स्वस्तच झाले. ज्याला माणसाचा हात लागतो ते महागलं. 2007 मध्ये आमच्या भागात गड्याची मजुरी दिवसाला दीडशेच्या आसपास होती. आज सहाशे-सातशे रुपये, वर चहा-जेवण, आणि तरी माणूस मिळेलच असं नाही. आंब्याच्या बागांत नेपाळहून आलेले राखणदार कितीतरी वर्षांपासून आहेत, त्यांच्याशिवाय कित्येक बागा उभ्याच राहणार नाहीत. मजुरी वाढली हे मला वाईट वाटत नाही. दीडशे रुपयांत तो माणूस कसा जगत होता, हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता.

माझ्या 51 हजारांवर तुमचा आकडा ठरवू नका. तुमच्या मुलीच्या शिक्षणाचा खर्च यात नाही, आणि तो तुम्ही गावात राहिलात तरी कोल्हापूर-पुण्याच्या भावानंच येणार. तुमचं घर कौलारू आहे, वानरं आहेत, म्हणजे दर मेमध्ये फुटलेली कौलं बदलणं आलं. पण कोणकोणती कलमं धरायची, ते यावरून कळेल.

औषधपाण्याकडे परत येते, कारण माझा एक सल्ला इथं चुकला होता. 2016 मध्ये कुवेतहून आलेल्या एका जोडप्याला मी घरखर्चाचा पट मांडून दिला आणि ‘चालेल’ म्हटलं. विमा त्यांनी नंतर बघू म्हटलं, मीही जोर केला नाही. तिसऱ्या वर्षी पत्नीच्या मूत्रपिंडांनी दगा दिला. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, सोबतीला माणूस, गाडी, कधी गोव्यात बांबोळी तर कधी कोल्हापूर. दोन वर्षांत अर्ध्या ठेवी मोडल्या. तेव्हापासून विम्याची पॉलिसी बघितल्याशिवाय मी कुणाला ‘या’ म्हणत नाही. आधीपासून असलेल्या आजारांना बहुतेक पॉलिसींत काही काळ संरक्षण मिळत नाही. 2024 पासून ही मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं आहे. म्हणून परत यायच्या तीन वर्षं आधी इथली पॉलिसी घ्या. मस्कतला कंपनीचा विमा आहे, दुहेरी हप्ता कशाला, असं वाटेल. तरी घ्या. आईंचं वय सत्तरच्या वर असल्यामुळे त्यांना उत्पन्न कितीही असलं तरी आयुष्मान भारतचं 5 लाखांचं कार्ड मिळू शकतं, ते काढा. मात्र आपल्या जिल्ह्यातलं आणि कोल्हापुरातलं कुठलं रुग्णालय कुठल्या उपचारासाठी यादीत आहे, हे आज, सगळे धडधाकट असताना, बघून ठेवा.

आता पैशांची व्यवस्था.

कायमचे परतलात की बँकेला लगेच कळवायचं. एनआरई खातं, म्हणजे बाहेरची कमाई रुपयात ठेवायचं अनिवासींचं खातं, तसंच चालू ठेवता येत नाही, ते निवासी खातं करावं लागतं, आणि त्या ठेवींचं व्याज तिथपासून करपात्र होतं. बरेच जण हे वर्षानुवर्षं कळवत नाहीत आणि मग नोटीस घेऊन माझ्याकडे येतात. ज्यांना परकीय चलन हाताशी ठेवायचं आहे त्यांना आरएफसी, म्हणजे परतलेल्यांसाठीचं परकीय चलनाचं खातं, उघडता येतं. एफसीएनआर ठेव, म्हणजे अनिवासी असताना परकीय चलनात ठेवलेली मुदत ठेव, मुदत संपेपर्यंत चालू राहू शकते. तुमच्यासारखा बरीच वर्षं बाहेर राहिलेला माणूस परतल्यावर करासाठी सहसा दोन वर्षं, कधी तीन, ‘निवासी पण सामान्य निवासी नाही’ या वर्गात राहतो. त्या काळात आरएफसी आणि एफसीएनआरच्या व्याजावर इथं कर लागत नाही. हा काळ वाया घालवू नका.

परत यायची तारीखही निवडता आली तर निवडा. पाच वर्षांतून एकदा येणाऱ्या तुमच्यासारख्याचं इथलं वास्तव्य त्या आर्थिक वर्षात 182 दिवसांपेक्षा कमी भरलं, तर ते वर्ष करासाठी अनिवासीच राहतं. 1 ऑक्टोबर ते 31 मार्च हे बिगर-लीप वर्षात बरोबर 182 दिवस होतात. म्हणजे दसरा-दिवाळीच्या सुमारास, 1 ऑक्टोबर उलटल्यावर आलात तर फायदा. त्याच वर्षात आधी सुट्टीवर येऊन गेला असाल तर ते दिवसही मोजायचे. परत येण्यापूर्वी तारखा घेऊन सल्लागाराकडे एकदा बसाच.

अनिवासींचं इथलं उत्पन्न ज्यात जमा होतं त्या एनआरओ खात्यावरच्या व्याजातून बँक 30 टक्के आणि त्यावर उपकर असा कर कापते. निवासी झालात की ते थांबतं, आणि नव्या करपद्धतीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करमाफीची जी सूट आहे ती निवासी माणसालाच मिळते, अनिवासीला नाही. ठेवींच्या व्याजावर जगायचं ठरवणाऱ्यासाठी हा फरक मोठा आहे.

अजून परत यायचं पक्कं नसेल तरी एक गोष्ट आत्ताच करण्यासारखी आहे. ज्येष्ठ नागरिक बचत योजना तुम्हाला आज मिळणार नाही, तुम्ही अनिवासी आहात आणि साठीचे नाही. आईंना मिळेल. मुलानं आईला दिलेल्या पैशावर कर नाही आणि त्याचं व्याज आईचंच उत्पन्न धरलं जातं. 8.2 टक्के दरानं 15 लाखांवर तिमाहीला 30,750 रुपये त्यांच्या खात्यात येतील. गुंतवताना त्या तिमाहीचा दर बघून घ्या. या पैशातून दिवसभराची बाई ठेवता येईल, आणि पैसे आईंच्या स्वतःच्या खात्यातून जात असल्यामुळे ‘उगाच खर्च कशाक?’ हा त्यांचा प्रश्नही जरा सौम्य होईल. तुम्हाला बहिणी आहेत. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तेव्हा त्यांना आधी सांगून हे करा.

आणि ते 62 हजारांचे पत्रे. पुढच्या वेळी घरावर पैसे घालण्याआधी ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा (घरपट्टीची नोंद) आणि जमिनीचा सातबारा बघा. तुम्ही ओझरतं लिहिलंय की सातबारावर ‘चुलत्यांची वगैरे’ नावं आहेत. आपल्याकडे एकेका सातबारावर पंधरा-वीस सहहिस्सेदार असतात, निम्मे मुंबईत, काही वारलेले. तुम्ही 20 लाख घालून घर बांधाल आणि पाच वर्षांनी चुलतभावाचा मुलगा हिस्सा मागायला येईल; तो चुकीचा असेलच असंही नाही. वडिलांच्या वारसाची नोंद झाली नसेल तर ती आधी करून घ्या. अनिवासी असताना शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसानं मात्र येते. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला खातेदार शेतकरी असावं लागतं, आणि ते दाखवायला पुढं हीच वारस नोंद कामाला येईल. या कागदांना पैसे फारसे लागत नाहीत, वेळ लागतो. महिनाभराच्या सुट्टीत मावेल इतका वेळ नव्हे, म्हणून आत्तापासून सुरू करा.

परत येणं परवडेल का, याचं उत्तर मी आज देत नाही. आईंच्या घरातलं कॅलेंडर आणि एक साधी वही लागेल. आईंना किंवा शेजारच्या एखाद्या मुलीला रोज लिहायला सांगा: पैसे किती गेले, आणि पैसे न देता कोणतं काम कुणी केलं. पाणी कुणी भरलं, नारळ कुणी सोलले, रात्री सोबतीला कोण झोपलं. त्यात पावसाळा आला पाहिजे आणि गणपतीही. पुढच्या वेळी मेऐवजी जुलैत या, पंधराच दिवस, गाडी भाड्यानं न घेता. कुडाळला येताना ती वही, सातबारा, असेसमेंट उतारा आणि विम्याचे कागद घेऊन या. ठेवींचे कागद त्यानंतर बघू.